दिएगान वायरमनने एकदा खरं सांगितलं

दिएगान न्गोम या वायरमनशी आमच्या गाडीतळावर कुणी थट्टा करत नाही. दुसऱ्या गावात हे सांगितलं तर लोक म्हणतील, मग बिघडलं काय, कामाशी काम. पण दिएगान सेरेर आहे आणि काओलाक शहरातल्या या तळावरचे निम्मे ड्रायव्हर तुकुलर. सेरेर आणि तुकुलर या आमच्याकडच्या दोन जमाती म्हणजे पिढ्यान् पिढ्यांचे थट्टेचे सोयरे. एकाने दुसऱ्याला गुलाम म्हणायचं, खादाड म्हणायचं, त्याच्या ताटातला मासा उचलून खायचा, आणि दुसऱ्याने रागवायचं नाही. जो रागावला तो हलका. अशा ठिकाणी ज्याची कुणी थट्टा करत नाही, त्या माणसाला गावाने जिवंतपणीच पुरलेलं असतं. लोक गाडी त्याच्याकडेच आणतात, कारण तसा हात दुसऱ्या कुणाला नाही. बिघाड सांगतात आणि लांब जाऊन उभे राहतात.

मी न्दुंबे. तळाच्या फाटकाशी तीस वर्षं कॉफी विकली. दिएगानच्या टपरीला माझी टपरी पाठीला पाठ लावून होती, त्यामुळे त्याचं शिंकणंही मला ऐकू यायचं. जे घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि पाहताना मी हसले, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की म्हातारीने स्वतःचं तेवढं झाकलं.

दिएगान फातिकच्या पलीकडच्या एका बाजरीच्या गावातला. शहरात आला तो मिठागरावर पोती उचलायला. दोन वर्षांत तळपायाला अशा चिरा पडल्या की चालताना रडायचा. मग एका म्हाताऱ्या वायरमनने त्याला हाताखाली घेतलं. म्हाताऱ्याने पहिलं वर्षभर हत्याराला हात लावू दिला नाही. गाडी येईल तिच्याजवळ बसायचं, ड्रायव्हर काय सांगतो ते ऐकायचं आणि संध्याकाळी गुरूला जसंच्या तसं सांगायचं, एवढंच काम. त्यामुळे दिएगानला लागलेली सवय कायमची. बाकीचे वायरमन गाडी आली की पाने घेऊन धावायचे, हे बदल, ते बदल. हा आधी उकिडवा बसून विचारायचा, "आवाज आला का? कसा? गार असताना की तापल्यावर?" त्याचं म्हणणं असं की वीज कधी हरवत नाही, वाटेत कुणीतरी ती खातं. खाणाऱ्याला शोधायचं सोडून उपाशी राहिलेल्याला बदलून काय मिळणार?

काम करताना तो शीळ घालायचा. हलकी, सूर नसलेली. त्याच्या डाव्या अनामिकेवर पांढरा वळ होता. लग्नाची अंगठी एकदा पाना फिरवताना बॅटरीला टेकली आणि बोटातल्या बोटात लाल झाली. तेव्हापासून ती अंगठी त्याची बायको दिबोर गळ्यातल्या दोऱ्यात घालायची. यावरही बोकार नावाचा ड्रायव्हर त्याला सोडत नसे. "दोन्ही अंगठ्या बायकोकडे! त्या घरात नवरा कोण ते बघा रे जरा," असं तो अख्ख्या तळाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडायचा.

बोकार वान हा पोदोर गावाकडचा तुकुलर. उंच, काटकुळा, गळ्यात हिरवा रुमाल आणि तोंडाला ब्रेक नाही. त्याची वॅगन फ्रेंच, सात सिटांची, तेव्हाच वीस वर्षांची. एका दाराला कडीऐवजी दोरी होती. सवारी मिळाली नाही की तो मागच्या सिटा काढून मिठाची पोती भरायचा आणि मीठ सांडलं की पाण्याने धुऊन टाकायचा. दिएगान कपाळावर हात मारून म्हणायचा, "मीठ आणि पाणी! याच्यापेक्षा गाडीला विष पाज की."

दोघांचे रोजचे नमस्कार-चमत्कार असे असायचे. सुरुवात दिएगानची:

"काय रे गुलामा, अजून जिवंत? मी तुझ्या चाळिसाव्याचं जेवायला सकाळपासून उपाशी बसलोय."

"आधी तू जा, ताडीबाजा. तुझी कबर खणायला चार माणसं जास्त लागतील, पोटच एवढं आहे."

"माझ्या पोटाचं सोड. ही तुझी गाडी आहे की चालता जनाजा? एक दिवस जळशील हिच्यात, आणि मी त्या निखाऱ्यावर मासा भाजून खाईन."

अठरा वर्षं हेच. दिएगानच्या धाकटीला गोवर आला तेव्हा तिला दवाखान्यात नेणारा बोकार, आणि बोकारची बायको माहेरी रुसून बसली तेव्हा तिला समजवायला पोदोरपर्यंत जाणारा दिएगान. पण तळावर तोंड उघडलं की शिव्याच. दोघांनी एकमेकांशी सरळ बोललेलं एक वाक्य मी त्या अठरा वर्षांत ऐकलं नव्हतं. आम्हाला ते गोड वाटायचं. मला तर फार वाटायचं.

शहाण्णव सालचा एप्रिल होता. ताबास्कीची, म्हणजे कुर्बानीची ईद चार दिवसांवर आलेली. ऊन असं की पत्र्याला हात लावला तर फोड यावा. तळावर माणसांपेक्षा मेंढे जास्त, प्रत्येक गाडीच्या टपावर पाय बांधलेले मेंढे ओरडत होते. बोकारचा नंबर सां-लुईच्या रांगेत पहिला लागला होता. सातही सिटा भरल्या होत्या. सवाऱ्या सां-लुईला उतरवून तो तसाच पुढे आपल्या गावी जाणार होता. आईसाठी त्याने पांढरा मेंढा घेतला होता, शिंगांना निळा रंग लावलेला, आणि त्याच्याबद्दल तो सकाळपासून तीनदा मला सांगून गेला होता. सवाऱ्यांमध्ये शेवटच्या सिटावर माझी मुलगी सोखना बसली होती, मांडीवर दहा महिन्यांचं लेकरू. तिचा नवरा सां-लुईला मासेमारी करतो.

दहाच्या सुमाराला बोकारने चावी फिरवली. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवली. टक् सुद्धा नाही.

"ए ताडीबाज!" तो ओरडला. "ये इकडे. तुझ्या मालकाची गाडी रुसली."

दिएगान आला, पुढच्या चाकाशी उकिडवा बसला. "कधीपासून?"

"चार दिवस झाले. सकाळी गार असते तेव्हा मुकाट उठते. तापली की मेल्यासारखी पडते. अर्धा तास थांबलं की पुन्हा उठते."

"वास?"

"कसला वास?"

"जळका."

"येतो कधी कधी. परवा एका बाईकडे सुक्या माशाची टोपली होती, तिचाच असेल."

दिएगानने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. बोनेट उघडलं. हेडलाइट लावायला सांगितले. "आता चावी फिरव." बोकारने फिरवली. दिवे होते तसेच लख्ख राहिले. दिएगानची शीळ सुरू झाली. जमलेल्या माणसांकडे बघून तो म्हणाला, "बॅटरी भरलेली आहे. इंजिनला फिरवणाऱ्या सेल्फने घास घ्यायला तोंडच उघडलं नाही. उघडलं असतं तर दिवे मंदावले असते." मग चावी बंद करायला लावून त्याने हातभर तारेचा तुकडा घेतला, एक टोक बॅटरीला धरलं, दुसरं खाली सेल्फच्या बारक्या खिळ्याला टेकवलं. गर्रकन सेल्फ फिरलं, अख्खी गाडी हलली, टपावरचा मेंढा केकाटला. लोकांनी टाळ्या पिटल्या.

"झालं की!" बोकार म्हणाला. "असंच टेकवून सुरू कर. वाटेत मी टेकवीन, मला आलं."

"थांब रे भातखाऊ. सेल्फ धड आहे, बॅटरी धड आहे. चावीपासून सेल्फपर्यंत वाटेत कुणीतरी खातंय."

त्याने टेस्ट लॅम्प काढला. म्हणजे जुन्या गाडीतला एक बल्ब आणि त्याला दोन तारा, बस्स. आधी चावीच्या मागे लावून पाहिला, चावी फिरवताच बल्ब झगझगीत पेटला. मग त्याच तारेच्या सेल्फकडच्या टोकाला लावला. बल्बात नुसतं तांबडं सूत दिसलं, विझत्या निखाऱ्याएवढं. म्हणजे खाणारा मधे कुठेतरी बसला होता, आणि मधे एकच अवघड जागा होती. इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्यात एक भोक असतं, सगळ्या तारा तिथून जातात. दिएगान हातात टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली उताणा शिरला. बाहेर त्याचे दोन पायच दिसत होते.

मी कॉफी गाळत होते. शीळ थांबली तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती इतका वेळ चालू होती.

तो बराच वेळ आत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याने आपली बोटं नाकाशी नेली. मग बोकारला कोपराला धरून बोनेटपाशी नेलं, आणि मी तिथे कॉफी द्यायला गेले म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"त्या भोकातलं रबरी कडं केव्हाच गळून पडलंय. पत्र्याची धार तारांवर घासते. सेल्फची बारीक तार मिठाने खाल्लीय, दोन धागे उरलेत, तापले की वीज जात नाही. म्हणून उठत नाही. ती तार मरू दे, तिचं मला काही नाही. तिच्याशेजारी लाल जाड तार आहे, बॅटरीतून थेट चावीला जाते, मधे फ्यूज नाही. तिचं कातडं गेलंय. तांबं उघडं आहे, आणि तू त्याच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलीस."

"मीच गुंडाळली. चांगली घट्ट."

"ती पट्टी वितळलीय. तांबं पत्र्याला कधीही टेकेल. टेकलं की ती तार चुलीसारखी पेटेल, आणि खाली वीतभरावर पेट्रोलची नळी आहे. बोकार, ही गाडी आज नेऊ नकोस."

मी त्याचा चेहरा पाहिला होता. घाम नव्हता, पांढरा पडला होता. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं, कारण एवढं पाहून मी मनात काय म्हटलं, तर आज दिएगानला थट्टा छान साधलीय.

बोकार क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने मान मागे टाकली आणि हसला. "ऐकलंत का रे? माझा गुलाम म्हणतो, गाडी जळणार! अठरा वर्षं जळतेय ती!"

सगळा तळ हसला.

"मी थट्टा करत नाही."

"सेरेर म्हणतो, मी थट्टा करत नाही!"

आणखी हसले. दिएगानचा आवाज चढला. "देवाशपथ सांगतो—"

"देवाची शपथ कोण घेतंय बघा! काल परवापर्यंत ताडीच्या मडक्याची घ्यायचा!"

आता तर मेंढ्यांचे व्यापारीही पोटं धरून हसायला लागले. दिएगान एकेका चेहऱ्याकडे बघत होता. त्याने हात जोडले, तर कुणीतरी म्हणालं, वा, काय नाटक आहे. "संध्याकाळच्या अस्रच्या नमाजापर्यंत वेळ दे मला," तो म्हणाला, "बाजारातून जाड तार आणतो, बाहेरून नवी वाट करून देतो. चार-पाच तास, बस्स." बोकार म्हणाला, "म्हणजे माझा नंबर जाणार, मी इथे तुझ्या घरी मुक्काम करणार, आणि रात्री तू माझ्या मेंढ्याचा रस्सा पिणार. कळतं रे, सेरेराच्या पोटाचं गणित मला कळतं."

तेव्हा दिएगानने पाना घेतला, बॅटरीच्या खांबावरचा चिमटा तारेपासून सोडवला आणि खिशात घातला. चिमट्याशिवाय गाडीत वीजच नाही. पण थट्टेच्या सोयऱ्यांत वस्तू पळवणं हा तर जुना खेळ. वस्तू पळवायची, दंड मागायचा, दंड म्हणून चघळायचं कोलाचं फळ घ्यायचं आणि वस्तू परत द्यायची. लोकांनी गोल केला. बोकारने खिशातून कोलाचं फळ काढलं, दोन्ही हातांनी, वाकून, नव्या जावयाला द्यावं तसं पुढे केलं. दिएगानने ते मातीत भिरकावलं.

"वाढवून मागतोय!" कुणीतरी ओरडलं.

मी हसले. सगळ्यात मोठ्याने मीच हसले असेन. माझी मुलगी मागच्या सिटावर पोराला पाजत होती, तीही हसत होती.

दिएगान गाडीकडे गेला आणि खिडकीतून सवाऱ्यांना म्हणाला, "उतरा. मुलं घेऊन उतरा." एक म्हातारा सवारी म्हणाला, "आधी तुझ्या मालकाचं दंडाचं मिटव बाबा, मग उतरतो." पुन्हा हशा. बोकारने मागून येऊन त्याच्या खांद्यावर हात टाकला, कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "पुरे आता, यार. छान झालं. दे चिमटा, आई वाट बघतेय." हे तो हळू बोलला. मला वाटतं तेवढं एक वाक्य तो खरं बोलला.

दिएगान वळला आणि त्याने बोकारच्या तोंडावर ठोसा मारला.

उघड्या पंजाचा नाही, लटका नाही. बोकार गाडीवर आपटला आणि खाली बसला. नाकातून रक्त आलं, ओठावरून हनुवटीवर आणि तिथून पांढऱ्या सदऱ्यावर. तळावर मेंढ्यांशिवाय कुणाचा आवाज उरला नाही. थट्टेच्या सोयऱ्याला काहीही म्हणावं, पण त्याचं रक्त काढू नये. दोन्ही घरांचं नुकसान होतं, असं माझ्या आजीची आजीही सांगायची. आमच्यापैकी कुणी असं होताना पाहिलं नव्हतं.

पहिली उतरली ती माझी सोखना. पोराला पदराखाली घेऊन, सामान न घेता. मग एक गोणपाटवाली बाई, मग दोघे शिंपी, मग तो म्हातारा. जी गोष्ट दिएगानच्या तारेच्या सांगण्याने झाली नाही, ती रक्ताच्या चार थेंबांनी केली. निघायच्या वेळी ज्या ड्रायव्हरचं रक्त त्याच्या सोयऱ्याने काढलं, त्याच्या गाडीत कोण बसणार? मागच्या नंबरच्या गाडीत सगळे चढले, मेंढे टपावरून टपावर गेले. बोकारच्या गाडीवर त्याचा एकटा पांढरा मेंढा राहिला.

तळाचे प्रमुख माग्वेय बाबा काठी टेकत आले. त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि दिएगानला म्हणाले, "तू रक्त काढलंस. आता तो मागेल ते, विचार न करता, त्याच्या हातात द्यायचं. नाहीतर हे तुमच्या पोरांपर्यंत जाईल."

"बाबा, गाडीत—"

"मी गाडीबद्दल बोललो का?"

बोकार उठला. रुमालाने नाक दाबलं होतं. त्याने मोकळा हात पुढे केला. "चिमटा," तो म्हणाला. गुलाम म्हणाला नाही, ताडीबाज म्हणाला नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा तो दिएगानशी परक्या माणसाशी बोलावं तसा बोलला.

दिएगानचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला. त्याच्या तीन मुली आहेत. माग्वेय बाबा बघत होते, सगळा तळ बघत होता. मी त्या वेळी एक शब्द बोलले असते, बाबा, त्याचं ऐका तरी, तो आत काय बघून आलाय ते ऐका, तर काय झालं असतं कुणास ठाऊक. पण मीही घाबरले होते, आणि माझी मुलगी तर उतरली होती. खरं सांगायचं तर तेवढ्याने माझं भागलं होतं.

दिएगानने चिमटा दिला. देताना म्हणाला, "बोकार, निदान तार तरी—"

"तुझ्या हातची तार माझ्या गाडीला नको."

बोकारने चिमटा स्वतः आवळला. चावी लावली. मग दिएगानचाच तारेचा तुकडा जमिनीवरून उचलला, एक टोक बॅटरीला, दुसरं सेल्फच्या खिळ्याला, तासाभरापूर्वी पाहिलं होतं अगदी तसंच. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. तो बोनेट आपटून बसला आणि फाटकातून बाहेर पडला. माझ्या टपरीवरून जाताना रोज भोंगा वाजवायचा, त्या दिवशी वाजवला नाही.

दिएगान संध्याकाळपर्यंत फाटकाशी उभा होता. मी त्याला बसायला तिपाई दिली. तो बसला नाही. पोदोर कुठे, आपण कुठे, इथून काय दिसणार आहे तुला, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "सां-लुईहून येणारा पहिला ड्रायव्हर दिसेल."

बातमी दुसऱ्या दिवशी दुपारी आली, आणि आणली ती सोखनाच्या गाडीच्या ड्रायव्हरने. त्याची गाडी बोकारच्या मागे अर्ध्या तासावर होती. लुगाच्या पुढे, कलिंगडं विकणाऱ्यांच्या झोपड्यांपाशी, त्यांना लांबून काळा धूर दिसला. जवळ गेले तेव्हा नुसता सांगाडा उरला होता. कलिंगडवाल्यांनी सांगितलं, बोनेटखालून धूर यायला लागल्यावर ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, उडी मारून बाहेर आला, चांगला दूर पळाला. मग मेंढा ओरडला. तो परत गेला, चाकावर पाय ठेवून टपावर चढला, गाठ सोडवायला लागला. तेवढ्यात पेट्रोलची टाकी फुटली.

सात माणसं आणि एक तान्हं पोर त्या गाडीत बसणार होतं. मेंढ्यासाठी परत चढणारा बोकार पोरासाठी चढला नसता का? एकाला काढेपर्यंत बाकीच्यांचं काय झालं असतं, ते मी मनात आणते आणि पुन्हा बाहेर ढकलते. पण तळावर त्या दिवशी एकाच्याही तोंडून तार हा शब्द निघाला नाही. सगळे म्हणाले, रक्त पेटलं. सोयऱ्याचं रक्त सांडलं आणि संध्याकाळच्या आत त्याची गाडी जळली, आणखी काय पुरावा हवा? दिएगानने एकदोघांना तारेचं सांगायचा प्रयत्न केला. एक तुकुलर ड्रायव्हर, सभ्य माणूस, त्याला म्हणाला, "तार तर कितीतरी दिवसांची खराब होती ना? मग ती त्याच दिवशी कशी जळली?" तार कधी टेकेल हे कुठला वायरमन सांगू शकतो?

दिएगान बोकारच्या मातीला गेला होता. बोकारच्या भावाने त्याला अंगणाबाहेर थांबवलं. एरवी आमच्याकडे मेलेल्याचे थट्टेचे सोयरे येतात आणि मयताची टिंगल करून रडणाऱ्यांना हसवतात. घरातली माणसं त्यांची वाट बघतात. बोकारच्या घरी त्या दिवशी कुणी हसवायला आलं नाही.

सोखना पुढे दोन-तीनदा माहेरी आली. दिएगानच्या टपरीवरून जाताना पोराचं तोंड दुसरीकडे वळवायची. मी एकदा तिला म्हटलं, "तू जिवंत कुणामुळे आहेस, माहीत आहे का?"

"अल्लाहमुळे," ती म्हणाली.

"आणि त्याने ठोसा कुणासाठी मारला?"

"आई, त्या माणसाचं नाव माझ्या पोरासमोर घेऊ नकोस."

दीड महिन्याने तो सांगाडा आमच्याकडेच आला. तशा गाड्यांच्या भागांना मागणी काओलाकमध्येच, म्हणून एका भंगारवाल्याने लुगाहून ट्रकवर घालून आणला आणि तळाच्या मागच्या भिंतीशी उतरवला. रंग उडालेला, काचा नाहीत, सिटांच्या जागी स्प्रिंगा. पोरं खेळायला जाऊ लागली तर बायका त्यांना ओढून आणायच्या. मी मनात खूश झाले होते, लपवत नाही. मला वाटलं, आता दिएगान बोनेट उघडेल, पत्र्याच्या त्या भोकाशी तांब्याचा वितळलेला गोळा दिसेल आणि मी स्वतः माग्वेय बाबांना हाताला धरून तिथे नेईन. तारेचं कोण ऐकत नाही ते बघू.

दुपारी तळावर सगळे नमाजाला गेले तेव्हा दिएगान तिकडे गेला. मी कॉफीचा पेला घेऊन त्याच्या मागे गेले. तो बोनेटपाशी उभा होता. त्याने दोन्ही हात घातले, बोनेट वीतभर उचललं. मग त्याने ते सोडून दिलं. आतून काळी राख उडाली.

"बघितलंस?" मी विचारलं.

"नाही."

"अरे, मग बघ ना! तांबं असेल तिथे, पत्र्याला चिकटलेलं. दाखव त्यांना. तोंडं बंद होतील एकेकाची."

तो राख लागलेले हात पँटला पुसत राहिला. "तांबं असलं मावशी, तर मला सगळं माहीत होतं आणि चिमटा मी माझ्या हाताने त्याला दिला. तांबं नसलं, तर तो माझ्या ठोशाने गेला. यातलं काय बघू, तूच सांग."

मी पेला त्याच्या हातात दिला, त्याने तो घेतला, प्यायला नाही. नमाज संपवून लोक परत येऊ लागले तसा तो आपल्या टपरीकडे निघून गेला. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याने इंजिन काढलं आणि त्यामागचा तो भोकाचा पत्रा कापून कुणाला तरी चुलीला आडोसा म्हणून विकला.